दुधाला जमले, ते कांद्याला का जमत नाही?

शेतमालात सर्वांत लवकर नासणारी वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण दूध हेच उत्तर देतील. उन्हाळ्यात पहाटे काढलेले दूध न तापवता तसेच ठेवले, तर दुपारपर्यंत ते फाटण्याच्या बेताला येते. कांदा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. टोपलीत महिनाभर पडून राहिला तरी घरात कोणी त्याची चिंता करत नाही. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. काढणीनंतर देशात किती माल वाया जातो याच्या पाहण्या झाल्या, त्यांत दुधाचे नुकसान एक टक्क्याच्याही आत निघाले. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरलेल्या उन्हाळ कांद्यातला पाव ते तिसरा हिस्सा मात्र चार-सहा महिन्यांत वजनाला घटून, सडून किंवा कोंब फुटून हातचा जातो. नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२० ते २०२२ या काळात केलेल्या पाहणीनुसार फळांचे नुकसान पिकागणिक ६ ते १५ टक्के आणि भाज्यांचे साधारण ५ ते १२ टक्के आहे, आणि सगळा शेतमाल धरला तर वर्षाला सुमारे दीड लाख कोटी रुपये मातीत जातात.

नाशवंत दूध टिकते आणि टिकाऊ कांदा नासतो, या कोड्याचे उत्तर बऱ्याच अंशी नोंदीत दडलेले आहे, असे माझे मत आहे. माल कुठून निघाला, निघताना कसा होता आणि वाटेत त्याचे काय झाले ही माहिती मालाबरोबर चालते का, आणि त्या माहितीवर कोणाचे पैसे ठरतात का, या दोन प्रश्नांभोवती अन्नाच्या पुरवठा साखळीतील बहुतेक डिजिटल तंत्रज्ञान फिरत असते. सेन्सर, मोबाइलवरचे ॲप, क्यूआर कोड, ब्लॉकचेन ही सगळी नोंद घेण्याची, सांभाळण्याची आणि पुढे पोचवण्याची साधने आहेत. त्यांची नावे भारदस्त असली, तरी काम जुन्या वहीचेच आहे. फरक इतकाच की ही वही एकाच वेळी बांधावर, माल निवडून खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये आणि परदेशातल्या खरेदीदाराच्या टेबलावर उघडी असते.

‘शाश्वत’ हा शब्द सरकारी अहवालांपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे छापलेला आढळतो, म्हणून इथे तो कोणत्या अर्थाने घेतला आहे हे सांगणे बरे. सडलेल्या एक किलो कांद्याबरोबर त्याला दिलेले पाणी, खत, पंपाची वीज, ट्रॅक्टरचे डिझेल आणि लावणीपासून काढणीपर्यंतची मजुरीही उकिरड्यावर जाते, आणि त्या कांद्याची जागा भरून काढायला दुसरा कांदा पुन्हा तेवढेच पाणी पितो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात दुकाने, खानावळी आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न टाकून दिले गेले, म्हणजे ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाच्या १९ टक्के. काढणी आणि दुकान यांच्या दरम्यान सुमारे १३ टक्के अन्न त्याआधीच गळालेले असते. जगातील हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के वायू या वाया जाणाऱ्या अन्नापोटी हवेत जातात, असा हिशोब मांडला जातो. त्यामुळे पिकवलेले अन्न खाणाऱ्याच्या तोंडी पोचवणे आणि ते पिकवताना पाणी व विषारी औषधे कमीत कमी वापरणे, एवढाच या लेखापुरता शाश्वततेचा अर्थ आहे.

आता दुधाकडे पाहू. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही गावाच्या दूध संकलन केंद्रावर गेले, तर किटल्या घेऊन उभी असलेली रांग दिसते. दूध काट्यावर ओतले जाते, वजनाचा आकडा आपोआप संगणकात जातो, छोट्या नळीतून थोडेसे दूध तपासणी यंत्रात ओढले जाते आणि मिनिटभरात फॅट व एसएनएफ म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ यांचे आकडे पडद्यावर उमटतात. त्यावरून दर ठरतो, पावती छापून हातात पडते आणि तेच आकडे बिलात चढतात. तिथून ते दूध कूलरमध्ये ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले जाते, कारण धारोष्ण दुधातील जिवाणू अर्ध्या-अर्ध्या तासाला दुप्पट होत असतात. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, आणि शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा ‘आज फॅट का कमी लागली’ म्हणून केंद्रचालकाला धारेवर धरते.

हे सगळे इतके रोजचे झाले आहे की त्याला कोणी डिजिटल पुरवठा साखळी म्हणत नाही. पण ती आहे, आणि उत्तम चालते. मोजमाप उगमापाशी, मालकाच्या डोळ्यांदेखत होते. मोजलेला आकडा लगेच पैशात उतरतो, म्हणून तो खरा असावा याची काळजी दोन्ही बाजूंना असते. आणि मोजल्याबरोबर माल थंड होतो. पावतीवरच्या आकड्यांवरून तंटे होतात, काट्यात आणि यंत्रात गडबड केल्याच्या तक्रारीही होतात, पण तंटा होण्यासाठी आकडा तर असतो.

द्राक्षांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती अधिक शिकवणारी वाटते. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि माल अडकला. ज्या रसायनासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला तिथे सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. ती किती बारीक आहे हे असे समजता येईल: प्रत्येकी दहा टनांचे दहा ट्रक भरतील एवढ्या द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला ती कळणे अशक्य आहे. त्या वेळी अडचण अशी होती की दोष एका बागेचा असला, तरी तो कोणत्या बागेचा हे कोणालाच सांगता येत नव्हते, त्यामुळे नाव सगळ्यांचे खराब झाले.

त्यानंतरच्या हंगामापासून निर्यातीच्या द्राक्षांतील रसायनांच्या अंशांवर पद्धतशीर देखरेख सुरू झाली, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेकडे तिची तांत्रिक धुरा आली आणि २००६ साली अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था उभी केली. तिचे काम असे चालते. निर्यात करू इच्छिणारा बागाईतदार आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवतो आणि त्या प्लॉटला एक क्रमांक मिळतो. गोडी छाटणीपासून त्याने कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती प्रमाणात मारले याची नोंद ठेवायची असते. कृषी अधिकारी बाग पाहून जातो. काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन घडांचा नमुना घेतो. शेतकऱ्याने पिशवीत भरून आणून दिलेला नमुना चालत नाही. प्रयोगशाळेचा निकाल थेट त्या व्यवस्थेत चढतो. नमुना नापास झाला तर त्या प्लॉटवर इशारा लागतो आणि तिथला माल पुढे सरकत नाही. पास झाला तर मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये भरलेल्या प्रत्येक खोक्यावर त्याचा मागोवा देणारा क्रमांक येतो, आणि ॲगमार्क व पीक आरोग्य प्रमाणपत्रे याच साखळीतून पुढे निघतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराच्या गोदामात कोणी एका खोक्यावर बोट ठेवले, तर ते दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील कोणत्या बांधावरून आले हे सांगता येते.

याचा परिणाम कागदापुरता राहिला नाही. औषध मारल्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, ज्याला बागाईतदार ‘पीएचआय’ म्हणतात, तो शब्द नाशिक-सांगलीच्या पारावर आला. बरेच जण आता बागेत छोटे हवामान केंद्र बसवतात. ते तापमान, आर्द्रता आणि पान किती तास ओले राहिले हे मोजते, आणि त्यावरून डाउनी किंवा भुरी हे बुरशीचे रोग येण्याचा धोका किती आहे याचा अंदाज मोबाइलवर येतो. पूर्वी आभाळ आले की पंप चालू, अशी रीत होती, कारण एक फवारणी चुकली तर वर्ष जाण्याची भीती होती. ओलावा रोग येण्याइतका टिकणार नाही असे दिसले, तर ती फवारणी टाळता येते; औषधाचा, डिझेलचा आणि मजुरीचा खर्च वाचतो आणि मातीत व विहिरीत जाणारे विषही तेवढे कमी होते. जमिनीतील ओलावा मोजून ठिबक चालवणाऱ्यांचे पाणीही असेच वाचते.

तरीही २०१० साली ही व्यवस्था तोंडघशी पडली. त्या हंगामात युरोपने भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश पकडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. बागाईतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. ते कीटकनाशक नसून वेलीची वाढ आवरणारे संजीवक आहे, वर्षानुवर्षे वापरले जात होते, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. म्हणजे प्लॉट नोंदवलेले होते, नमुने पास होते, प्रमाणपत्रे बरोबर होती, आणि माल मात्र नापास होता. संगणकाला जे विचारले तेवढेच तो सांगतो. यादीत नसलेल्या रसायनाबद्दल त्याने हिरवा दिवा लावला होता. पुढे त्या रसायनाचा यादीत समावेश झाला, परंतु त्या वर्षी कर्ज काढून माल पाठवलेल्या घरांना त्याचा उपयोग नव्हता. डिजिटल व्यवस्थेच्या जाहिरातींत ही गोष्ट सांगितली जात नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत आधी सांगितली पाहिजे.

द्राक्षांच्या वाटेतला दुसरा शत्रू उष्णता. घड सकाळच्या गारव्यात तोडला तरी त्यात शेतातली उष्णता असते. ती काही तासांत काढून घेऊन घड प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल झटपट थंड करणाऱ्या खोलीत, ४ अंशांच्या खाली आणावा लागतो आणि पुढे संपूर्ण प्रवासात शून्य अंशाच्या आसपास ठेवावा लागतो. यात खंड पडला की आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी सैल होऊन गळू लागतात. खोक्यांच्या रचनेत ठेवलेला छोटासा तापमान नोंदक दर काही मिनिटांनी आकडा टिपत असतो, आणि आताच्या रीफर म्हणजे शीतकरण यंत्र बसवलेल्या कंटेनरची माहिती तर जहाज समुद्रात असतानाच उपग्रहामार्फत मिळते. माल खराब निघाला तर तो पॅकहाऊसमध्ये उशिरा थंड झाला, बंदरावर कंटेनरची वीज तुटली की जहाजावर यंत्र बिघडले, हे त्या आलेखावरून ओळखता येते. पूर्वी अशा वेळी दोष हमखास शेतकऱ्याच्या माथी मारला जाई, कारण साखळीत सर्वांत मागे आणि सर्वांत दुबळा तोच होता.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावा-शेव्याहून युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. अशा वेळी कोणत्या प्लॉटचा माल लांबच्या प्रवासाला टिकेल आणि कोणता जवळच्या बाजारात पाठवावा, हा निर्णय साखर, काढणीची तारीख आणि थंड करायला लागलेला वेळ यांची नोंद ज्याच्याकडे आहे तोच विचारपूर्वक घेऊ शकतो. इतरांना नशिबावर हवाला ठेवावा लागतो.

नोंद नसली की किती अन्न विनाकारण फेकावे लागते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. सप्टेंबर २००६ मध्ये पिशवीबंद पालकातून ई. कोलाय जिवाणूची बाधा पसरली. सुमारे २०० लोक आजारी पडले आणि काही दगावले. कोणत्या शेतातला पालक दूषित आहे हे लगेच कळेना, म्हणून सरकारने देशभरातील लोकांना पिशवीतला ताजा पालक खाऊच नका असे सांगितले. शेवटी शोध एका कारखान्यात एका दिवशी भरलेल्या पिशव्यांपर्यंत जाऊन पोचला, पण तोपर्यंत देशभरचा चांगला पालकही कचऱ्यात गेला होता. दहा वर्षांनी वॉलमार्टने आयबीएमच्या मदतीने एक प्रयोग केला. दुकानातील कापलेल्या आंब्याच्या एका पाकिटाचा माग जुन्या कागदपत्रांतून काढायला ६ दिवस १८ तास २६ मिनिटे लागली, आणि ब्लॉकचेनवर नोंदी ठेवल्यावर तेच उत्तर २.२ सेकंदांत मिळाले.

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकाच वेळी प्रत असलेली, मागचे पान कोणा एकाला गुपचूप फाडता किंवा खोडता येणार नाही अशी वही. हा गुण मोठा आहे, पण त्यावर भाळून एक गोष्ट विसरली जाते: वहीत पहिल्यांदा खोटे लिहिले, तर ते खोटेही तितक्याच भक्कमपणे जपले जाते. फवारणीच्या नोंदवह्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकही डाग न पडता लिहिलेल्या असतील, तर ती वही बांधावर भरलेली नाही, तपासणीच्या आदल्या रात्री घरी बसून भरली आहे. तीच वही मोबाइलमध्ये आली म्हणून खरी होत नाही. द्राक्षांची व्यवस्था बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे, कारण तिथे वहीच्या पाठीशी प्रयोगशाळेचा नमुना उभा आहे.

या सगळ्यातली खटकणारी बाब अशी, की ही काटेकोर नोंद परदेशी खरेदीदारासाठी होते. रॉटरडॅमच्या खोक्याला प्लॉट क्रमांक असतो. दादरच्या किंवा नागपूरच्या हातगाडीवरील द्राक्षांना तो नसतो. निर्यातीत नापास झालेला माल देशातील मर्यादांनुसार नापास असेलच असे नाही, हे खरे, परंतु तो कुठे गेला हे सांगणारी साखळी तिथेच तुटते. घरच्या ग्राहकाने मागोव्यासाठी दोन रुपये जास्त द्यायची तयारी दाखवलेली नाही आणि त्याला ती दाखवण्याची संधीही फारशी कोणी दिलेली नाही.

कांद्याचे कोडे इथे सुटू लागते. लासलगाव, पिंपळगाव किंवा चांदवडच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहते, व्यापाऱ्यांचा घोळका येतो, वरचा माल नजरेने पाहिला जातो आणि अर्ध्या मिनिटात बोली संपते. तो कांदा कोणत्या वाणाचा आहे, काढणीनंतर किती दिवस वाळवला, चाळीत किती महिने होता, आणखी किती टिकेल, यांपैकी एकही गोष्ट भावात मोजून उतरत नाही. नीट वाळवून, मान सुकल्यावर पात कापलेला कांदा आणि घाईत भरलेला कांदा त्या दिवशी सारखाच दिसला, तर भावही सारखाच मिळतो. मग शेतकऱ्याने टिकाऊपणावर जादा खर्च का करावा?

१४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय ऑनलाइन बाजारात आज देशातील १३०० हून अधिक बाजार समित्या जोडलेल्या आहेत. नाशिकचा कांदा गुवाहाटीच्या व्यापाऱ्याने संगणकावर पाहून घ्यावा, ही त्यामागची कल्पना. पण न पाहता माल घ्यायचा तर त्याची प्रत कोणीतरी तटस्थपणे मोजून लिहून दिली पाहिजे, आणि शेकडो ट्रॉल्यांची मोजणी दोन-तीन तासांत उरकणारी प्रयोगशाळा बहुतेक आवारांत नाही. गावच्या डेअरीवर जे यंत्र मिनिटात दुधाची प्रत सांगते, त्याचा कांद्यासाठीचा भाऊबंद अजून आवारात रुळलेला नाही. कॅमेऱ्याने आकार आणि रंग ओळखणारी यंत्रे आहेत. आतून सडायला लागलेला कांदा ओळखणे अधिक अवघड आहे.

चाळीतले काम त्या मानाने पुढे गेले आहे. कांद्याच्या ढिगात तापमान आणि आर्द्रता मोजणारे, तसेच सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू ओळखणारे सेन्सर आले आहेत, आणि लासलगावच्या परिसरातच असे उपकरण घडवणारे नवउद्योग उभे राहिले. चाळ भरल्यावर आतला कांदा दिसत नाही. खालून पाणी गळू लागते किंवा वास सुटतो, तेव्हा चाळ फोडली जाते, आणि तोवर एका कांद्याने आजूबाजूचे वीस नासवलेले असतात. कोणत्या कप्प्यात बिघाड सुरू झाला हे आठवडाभर आधी कळले, तर तेवढाच कप्पा उघडून चांगला माल वेगळा काढता येतो.

सरकारलाही या माहितीची गरज आहे, शेतकऱ्याहून कदाचित जास्त. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटो काढून सातबाऱ्यावर पीक नोंदवतो, त्यामुळे लागवडीचा अंदाज सुधारण्याची शक्यता निर्माण झाली. परंतु लागवड म्हणजे साठा नव्हे. सप्टेंबरमध्ये राज्यातील चाळींत नेमका किती विकण्याजोगा कांदा उरला आहे, हे कोणीही मोजून सांगत नाही. आणि ऑगस्ट २०२३ मधले ४० टक्के निर्यातशुल्क, त्याच वर्षी ८ डिसेंबरपासूनची निर्यातबंदी यांसारखे निर्णय अंदाजांवर घेतले जातात. अशा निर्णयांचा अनुभव घेतलेला शेतकरी आपल्या चाळीतला आकडा कोणाला सांगायला सहसा तयार होत नाही. साठा कळला की भाव पाडला जाईल, ही भीती त्याच्या बाजूने अगदी रास्त आहे. दुधाचा आकडा सांगून त्याला पैसे मिळतात. कांद्याचा आकडा सांगून ते जातील असे त्याला वाटते. सेन्सर स्वस्त झाला म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

वाट अगदी बंद आहे असेही नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या आपल्या सभासदांचा माल एकत्र साठवतात, प्रतवारी करतात आणि माहिती स्वतःच्या हातात ठेवून मोठ्या खरेदीदाराशी भाव ठरवतात. दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने द्राक्षांत हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. चाळीच्या नोंदीसह विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे पन्नास-शंभर रुपये अधिक देणारा खरेदीदार मिळाला, तर सेन्सरसाठी अनुदानाच्या रांगेत उभे राहण्याची गरज फारशी उरणार नाही. सध्या मात्र लिलावात व्यापारी ट्रॉलीत हात घालून एक कांदा उचलतो, अंगठ्याने पत्ती चोळून पाहतो, पुन्हा ढिगात टाकतो, आणि चार महिने चाळीत राखलेल्या त्या मालाची सगळी चौकशी तेवढ्या दोन सेकंदांत आटोपते.